छंद त्यांचा, जातधंदा आमचा

मी स्वतःच्या हातांनी एक लहान गिटार बनवली हे कळल्यावर मला दोन तऱ्हेची बोलणी ऐकायला मिळाली. ऑफिसातले सवर्ण सहकारी म्हणाले, "भारी! म्हणजे तू लूथियर झालास की! असं हातानं काहीतरी करायला पाहिजे रे, डोकं शांत राहतं." गावाकडची, भावकीतली माणसं म्हणाली, "एवढं शिकून शेवटी रंधाच मारायचा होता, तर इंजिनिअर कशाला झालास?" एकांनी कौतुक केलं, दुसऱ्यांनी हळहळ केली. ही दोन्ही बोलणी एकाच व्यवस्थेतून येतात, आणि त्या व्यवस्थेबद्दल मला लिहायचं आहे.

तंतुवाद्यं घडवणाऱ्या कारागिराला लूथियर म्हणतात. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि आता आपल्या महानगरांत तो प्रतिष्ठेचा झाला आहे. आयटीतली नोकरी सोडून लाकूडकामाकडे वळलेल्या तरुणाची मुलाखत छापून येते. फोटोत त्याच्या अंगावर ॲप्रन असतो, हाताला भुसा लागलेला असतो. त्याच शहरात, बोळातल्या दुकानात तबल्याला पुडी चढवणाऱ्या, ढोलकीची वादी ताणणाऱ्या माणसाकडे कोणी मुलाखत मागायला जात नाही. त्याच्या कामाला 'पारंपरिक व्यवसाय' म्हणतात. दोघांचेही हात वाद्यच घडवत असतात. एकाचं काम ही त्याची निवड समजली जाते, दुसऱ्याचं काम हा त्याचा जन्म समजला जातो.

माझा मुद्दा सरळ आहे. आपल्या देशात हाताच्या कामाची किंमत काम बघून ठरत नाही, तो हात कोणाच्या घरात जन्मला ते बघून ठरते. जोवर हे असं आहे, तोवर 'श्रमप्रतिष्ठे'चं कोणाचंही प्रवचन ऐकून घ्यायला आपण बांधील नाही. पण तेवढं म्हणून आपलं काम संपत नाही. जे काम जातीनं आपल्यावर लादलं ते टाकून देणं हा आपला हक्क आहे, आणि जे काम आपल्याला आवडतं ते हातात घेणं हाही आपलाच हक्क आहे. पदवी मिळाली म्हणून हा दुसरा हक्क सोडून द्यायचं कारण नाही.

घरची गोष्ट या मुद्द्यापुरती सांगतो. माझा आज्जा दोर वळायचा आणि हलगी मढवायचा. बकऱ्याचं कातडं भिजवून, केस काढून, कड्यावर ताणून बसवायचा. लग्नात, जत्रेत वाजवायचा. वाजवून झाल्यावर जेवायला मात्र मांडवाबाहेर बसायचा. माझ्या वडिलांनी ती हलगी भिंतीवरून उतरवली आणि पुन्हा कधी वर चढू दिली नाही. "या घरात कोणी चामड्याला हात लावणार नाही," असं त्यांनी आम्हा भावंडांना बजावलं. मी हलगी शिकलो नाही. वडिलांचं बरोबर होतं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढायचं आणि मृतमांस खायचं सोडा असं आवाहन केलं, त्या आवाहनाचंच ते आमच्या घरातलं पालन होतं. ज्या कामाच्या बदल्यात अपमान मिळतो ते काम सोडणं, ही आपल्या माणसांनी केलेली क्रांती आहे. 'कला मरते आहे' म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी मांडवाबाहेरच्या त्या पंगतीचा हिशेब द्यावा.

मग गिटारच का? कारण या देशात गिटार बनवणं हे कोणत्याही जातीच्या नावे लिहून ठेवलेलं काम नाही. गावगाड्यात तिला जागा नव्हती. बलुत्यात ती नव्हती, अलुत्यात नव्हती. 'हे तुमचंच काम' असं मला कोणी म्हणू शकत नव्हतं आणि 'हे तुमचं काम नव्हे' असंही कोणाला म्हणता येत नव्हतं. एवढी मोकळी जागा आपल्या वाट्याला क्वचित येते.

माझी गिटार लहान आहे. नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी 580 मिलिमीटर. मोठ्या क्लासिकल गिटारीत ती 650 असते. पाठ आणि कडा जुन्या बाजारातून आणलेल्या सागवानी दाराच्या फळ्या चिरून केल्या. दर्शनी फळी, म्हणजे सतारीत जिला तबली म्हणतात ती, स्प्रूसची, रंधून अडीच मिलिमीटरवर आणलेली. तिच्यावर नायलॉनच्या सहा तारांचा मिळून 35 ते 40 किलोंचा ताण येतो. फळी जाड ठेवली तर आवाज कोंडतो, फार पातळ केली तर ती दबते. म्हणून आतून पातळ काड्यांचा आधार द्यावा लागतो. कडांसाठी दोन मिलिमीटरच्या पट्ट्या भिजवून तापलेल्या पाइपवर हळूहळू वाकवाव्या लागतात. घाई केली की तडकतात.

पडद्यांचं गणित मला सगळ्यात आवडलं. 580 ला 17.817 ने भागलं की 32.55 येतात. नटपासून तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा 17.817 ने भागायचं, की दुसऱ्या पडद्याचं अंतर मिळतं. असं बारा वेळा केलं की आपण तारेच्या बरोबर मध्यावर, 290 मिलिमीटरवर पोचतो आणि तिथे वरचा सा वाजतो. 17.817 ही संख्या दोनच्या बाराव्या मुळातून येते. बारावीच्या परीक्षेसाठी मी लॉगॅरिथम पाठ केलं होतं. ते कशासाठी असतं हे पटाशीनं पडद्याची खाच पाडताना कळलं. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर जाणत्या कानाला खटकतं. इथे आडनाव, वशिला, घराणं काही चालत नाही. अंतर बरोबर असेल तर सूर लागतो.

इथवर सगळं निर्जात वाटतं. पण गिटार जोडायची वेळ आली आणि जात समोर येऊन उभी राहिली, ती सरसाच्या रूपानं.

सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला डिंक. आपल्याकडचे जुने सुतार तोच वापरत. आज बाजारात पांढरा कृत्रिम गोंद मिळतो, पण व्हायोलिन बनवणारे आणि गिटारीचे अनेक नामांकित कारागीर अजूनही सरसच वापरतात. कारण तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, आणि पुढे कधी वाद्य दुरुस्त करायचं झालं तर ऊब आणि ओल देऊन सांधा उघडता येतो. सरस गार पाण्यात भिजवायचा, मग एका भांड्यात पाणी ठेवून त्यात दुसरं भांडं बसवून साधारण 60 अंशांवर पातळ करायचा. उकळी फुटली की त्याची पकड जाते. वास येतो. ज्याचं घर कधी चामड्याच्या कामाजवळ होतं त्याला तो वास ओळखीचा असतो.

मी शहरातल्या एका कार्यशाळेत काही शनिवार-रविवार हे काम शिकलो. तिची फी माझ्या आईच्या पाच महिन्यांच्या मजुरीएवढी होती. सरस तापवायचा दिवस आला तेव्हा बहुतेकांनी नाकाला रुमाल लावले. कोणीतरी "नॉनव्हेज गिटार" असा विनोद केला, सगळे हसले. नट आणि सॅडलसाठी हाडाचे तुकडे आले. हाड घासताना जळकट वास सुटतो, म्हणून दोघातिघांनी आपले तुकडे माझ्याकडे सरकवले. मी ते काम शांतपणे करत होतो. तेव्हा एकानं विचारलं, "तुला याचं काहीच वाटत नाही का रे? आणि तुझं आडनाव काय म्हणालास?" पूर्ण नाव माझ्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. त्याला नाव वाचायचं नव्हतं, खातरजमा करून घ्यायची होती. मी माझं हाड घासलं आणि बाकीच्यांचे तुकडे ज्याच्या त्याच्यापुढे परत ठेवले. सूर ज्याला हवा त्यानं हाडही घासावं, एवढंच म्हणालो.

या वाक्यातच मला संगीताच्या सगळ्या जातकारणाचं सार दिसतं. ज्या वाद्याला देवघरात ठेवतात, ज्याला पाय लागला तर नमस्कार करतात, ते वाद्य कातडं, हाड आणि आतडं यांच्यावर उभं असतं. गिटारीच्या तारा एकेकाळी मेंढीच्या आतड्याच्या असत. मराठीत तिला तात म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ती शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली, बाजारात मिळेनाशी झाली, आणि मग 1940 च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीननं नायलॉनच्या तारा आणल्या. तबला, पखवाज, मृदंगम् यांना कातड्यावाचून तोंडच नाही. मग वाजवणारा पवित्र आणि मढवणारा अपवित्र हे कसं? कातडं जनावराच्या अंगावरून वाद्याच्या तोंडावर जाईपर्यंत त्याला हात लावणारा 'खालचा' असतो, आणि त्यावर थाप मारणारा 'वरचा' होतो. विटाळ कातड्यात असता तर थाप मारणाऱ्यालाही लागला असता. तो कातड्यात नाहीच, तो माणसांच्या क्रमवारीत आहे.

ही क्रमवारी फक्त महाराष्ट्रातली नाही. तमिळनाडूत मृदंगम् बनवणाऱ्यांत दलित ख्रिस्ती कारागिरांची घराणी आहेत. मैफलीत मान मिळवणारे मृदंगवादक बहुतेक ब्राह्मण. टी. एम. कृष्णा यांनी या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक 2020 साली लिहिलं. गायींच्या कातड्याची आणि जातीची गोष्ट त्यात उघडपणे आली, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेनं प्रकाशन समारंभासाठी आधी दिलेली सभागृहाची परवानगी काढून घेतली. मृदंगम् चालतो, मृदंगम् कशाचा बनतो हे बोललेलं चालत नाही. त्याच तमिळनाडूत परै हे चर्मवाद्य वाजवणाऱ्या समाजाच्या नावावरून इंग्रजी भाषेला 'परिया' हा शब्द मिळाला, ज्याचा अर्थ बहिष्कृत. एका वाद्याभोवतीच्या माणसांचं नाव जगभर शिवीसारखं वापरलं जातं आणि वाद्य मात्र महोत्सवात 'लोककला' म्हणून नाचवलं जातं.

आणि 2016 चं ऊना आपण विसरलेलो नाही. मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून, उघडं करून मारलं गेलं. त्यानंतर गुजरातेतल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायला नकार दिला, सुरेंद्रनगरला तर ती कलेक्टर कचेरीपुढे आणून टाकली. तुमची गाय माता असेल तर तिचे अंत्यसंस्कार तुम्हीच करा, असा तो सवाल होता. माझ्या गिटारीच्या नटमध्ये हाडाचा जो 50 मिलिमीटरचा तुकडा आहे, त्याच्यामागेही असाच कोणाचा तरी हात आहे. त्या हाताला मार बसतो आणि माझ्या सहकाऱ्यांना डोकं शांत करणारा छंद मिळतो.

कोणी म्हणेल, कारागीर आणि कलावंत हा भेद जगभर आहे, जातीचं काय घेऊन बसलात? भेद आहे, हे खरं. गिटारीच्याच इतिहासात त्याचं ठळक उदाहरण आहे. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खन गावात व्हायोलिन बनवणाऱ्यांचा एक गिल्ड होता, म्हणजे धंदेवाईकांचा संघ. फर्निचर बनवणारे सुतार गिटारी बनवू लागले तेव्हा या गिल्डनं तक्रारी केल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की वाद्य घडवणारे आम्ही कलावंत, टेबलं-कपाटं ठोकणाऱ्यांनी गिटारीला हात लावायचा नाही. त्या सुतारांच्या बाजूला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिनचं घराणं होतं. वाद वर्षानुवर्षं चालला, निकाल सुतारांच्या बाजूनं लागला, पण मार्टिन कंटाळला आणि 1833 साली अमेरिकेला गेला. तिथे त्यानं काढलेली कंपनी आजही जगातल्या नावाजलेल्या गिटारी बनवते.

आता फरक बघा. मार्टिनला गिल्डविरुद्ध भांडता आलं, जिंकताही आलं, आणि नको झालं तेव्हा जहाजात बसून गिल्ड मागे टाकता आला. न्यूयॉर्कच्या बंदरावर त्याला कोणी विचारलं नाही की तुझा बाप टेबलं ठोकायचा का. जात अशी मागे टाकता येत नाही. ती विमानातून सोबत जाते. अमेरिकेतल्या सिॲटल शहराला 2023 साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो जर्मन सुतारांमुळे नव्हे. गिल्ड तुमच्या धंद्यावर हक्क सांगतो. जात तुमच्या मुलाच्या, नातवाच्या धंद्यावर आणि लग्नावरही हक्क सांगते. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच दाखवून दिलं: जातीनं कामं वाटली असं म्हणणं फसवं आहे, तिनं काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वर-खाली रचलं.

आणखी एक फरक नावाचा. आजच्या क्लासिकल गिटारीचा साचा ज्यानं घडवला तो स्पेनचा अँतोनियो दे तोरेस. सुतारकामात उमेदवारी करून तो पुढे आला. गिटारीचा आवाज मुख्यतः दर्शनी फळीतून येतो हे सिद्ध करायला त्यानं 1862 साली एका गिटारीची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. हे आपल्याला माहीत आहे, कारण तोरेसनं आपल्या गिटारींच्या आत नावाची चिठ्ठी चिकटवली. त्या गिटारी आज संग्रहालयांत त्याच्या नावानं ओळखल्या जातात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उत्तम हलग्या, संबळ, ढोलक्या बनवणाऱ्या किती माणसांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? माझ्या आज्जाच्या हलगीवर त्याचं नाव नव्हतं. अक्षर लिहायची बंदी होती त्यानं नाव कशानं लिहायचं?

मिरजेचं उदाहरण या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. तिथले शिकलगार मूळचे हत्यारं घडवणारे, धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तेव्हा त्यांच्यातले काही तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांसारख्यांनी नाव कमावलं आणि 'सतारमेकर' हेच घराण्याचं आडनाव झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. धंदा बदलता येतो, बदलल्यावर त्यात शिखर गाठता येतं, याचा हा आपल्या मातीतला पुरावा आहे. रक्तातच कला असते म्हणणाऱ्यांनी सांगावं, तलवारीला धार लावणाऱ्या रक्तात सतार कुठून आली? ती शिकण्यातून आली.

शिकण्याची ही वाट अडवायची आणि वर अडवणाऱ्यानंच उपदेश करायचा, ही आपल्या देशाची जुनी रीत. 1936 मध्येच बाबासाहेबांना उत्तर देताना गांधींनी 'हरिजन'मध्ये वर्णधर्माचं समर्थन केलं होतं: माणसानं पोटासाठी वाडवडिलांचा व्यवसाय करावा. बाबासाहेबांनी उलट विचारलं की महात्म्यानं स्वतः तरी ते पाळलं का? जन्मानं बनिया असून हातात तराजू न घेता वकिली पत्करलीच ना? या प्रश्नाचं उत्तर आजही मिळालेलं नाही.

1953 साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी ग्रामीण शाळांसाठी नवी योजना आणली. शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा असं ठरवलं. म्हणजे भटजीच्या मुलानं मंत्र म्हणावेत आणि चांभाराच्या मुलानं चप्पल शिवावी. पेरियार आणि द्रविड चळवळीनं तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव दिलं आणि रान पेटवलं. 1954 मध्ये राजाजींना जावं लागलं, कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना रद्द झाली. तमिळनाडूतल्या पुढच्या पिढ्या शाळेत टिकल्या, त्यात या लढाईचा मोठा वाटा आहे.

आणि 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारनं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, टोपल्या-झाडू बनवणारे असे 18 व्यवसाय त्यात आहेत. कर्ज, अवजारं, प्रशिक्षण मिळतं. गरीब कारागिराला मदत मिळू नये असं कोण म्हणेल? पण योजनेची भाषा 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाया'ची आणि 'गुरू-शिष्य परंपरे'ची आहे, आणि वयाची अट अवघी 18 वर्षं. अठराव्या वर्षी मुलानं कॉलेजात असायला हवं. तमिळनाडू सरकारनं नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवलं: कुटुंबाच्या धंद्याची अट काढा, किमान वय 35 करा. ते मान्य होईना तेव्हा त्यांनी ही योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला आणि जातीशी न जोडलेली स्वतःची योजना आणली. आपल्या राज्यांत हा प्रश्न विचारायला आपण का कचरतो?

आता थोडं आपल्या लोकांशी बोलतो. आपण पहिल्या पिढीतले पदवीधर. आपल्या आईबापांनी आपल्याला हत्यारापासून जाणीवपूर्वक लांब ठेवलं आणि पुस्तकाजवळ नेलं. त्यांचा निर्णय योग्यच होता. पण त्या निर्णयाबरोबर एक गोष्ट नकळत आपल्या मनात उतरली आहे, ती म्हणजे हातानं काम करणाऱ्याबद्दलची लाज. लग्नाच्या स्थळात आपण 'वडील काय करतात' याचं उत्तर गुळगुळीत करून देतो. नवऱ्या मुलाचे हात मऊ असले की समाधान मानतो. ही लाज आपली नाही. हात आणि डोकं वेगळे करून, डोकं वर आणि हात खाली ठेवणाऱ्या ब्राह्मणी विचाराची ती लाज आहे. आपण काम सोडलं ते अपमानामुळे, कामात घाण होती म्हणून नव्हे. अपमान सोडताना कौशल्यालाही घाण समजून बसलो, तर मनूनं केलेली विभागणी आपणच पूर्ण करू.

हेही लक्षात घ्या की हाताच्या कामातला जो भाग आज प्रतिष्ठेचा होतो आहे, तो आपल्या हातून निसटतो आहे. हातमागाचं कापड, मातीची भांडी, लाकडाची वाद्यं, सगळ्याला महागडी गिऱ्हाइकं मिळू लागली की तिथे भांडवल आणि इंग्रजी असलेले लोक येतात. ते मालक, डिझायनर, लूथियर होतात. ज्यांच्या घरात ते कौशल्य होतं ते त्यांच्याकडे रोजंदारीवर राबतात. काम हीन असतं तेव्हा ते आमचं, प्रतिष्ठेचं होतं तेव्हा त्यांचं.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत.

पहिली. प्रत्येक शाळेत कामाची खोली हवी: रंधा, पटाशी, करवत, कानस, मोजपट्टी. सगळ्या मुलामुलींना ती सक्तीची हवी आणि गुण गणिताइतकेच हवेत. कोणी काय शिकायचं यात बापाच्या धंद्याचा उल्लेखही नको. जोशांच्या मुलानं कातडं ताणायला शिकावं आणि कांबळेंच्या मुलीनं पडद्यांचं गणित मांडावं. श्रमाला प्रतिष्ठा द्यायची असेल तर तिची सुरुवात ज्यांच्या घरात श्रम कधी शिरले नाहीत तिथून करा.

दुसरी. वाद्य बनवणाऱ्याचं नाव वाद्यावर हवं आणि मैफलीच्या पत्रिकेवरही हवं. वादक, साथीदार, ध्वनिव्यवस्था, फुलं, चहा, सगळ्यांचे आभार मानले जातात. तबला कोणी मढवला हे सांगायला एक वाक्य पुरतं. नावाबरोबर दामही हवा. सरकारी कला पुरस्कारांत वाद्यनिर्माते वादकांच्या बरोबरीनं हवेत, आणि त्यांच्या मुलांना हव्या त्या क्षेत्रात शिकायची शिष्यवृत्ती हवी. बापाच्याच धंद्यात राहण्याची अट त्या शिष्यवृत्तीला नको.

तिसरी मागणी आपल्याकडेच. आपल्या विहारांत, समाजमंदिरांत, वसतिगृहांत, अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक सुतारी टेबल ठेवा. माझ्या गिटारीला कार्यशाळेची फी वगळता 14 हजार रुपये लागले, त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम हत्यारांची. हत्यारं दहा जणांत वाटली तर हा खर्च कोणालाही झेपेल. तिथे पोरांनी गिटार बनवावी, ड्रोन बनवावा, हवी तर हलगीही मढवावी. मात्र हलगी बनवणाऱ्या मुलाला 'तुझ्या आज्जाचा वारसा' असं कोणी म्हणू नये, आणि न बनवणाऱ्याला 'मुळं विसरलास' असंही म्हणू नये.

बाबासाहेब व्हायोलिन वाजवायला शिकले. घटना, ग्रंथ, चळवळ, संसद या सगळ्याच्या गर्दीत त्यांनी त्या वाद्यासाठी वेळ काढला. कोणत्या परंपरेनं ते त्यांच्या हातात दिलं नव्हतं, कोणत्या जातीच्या नावे ते लिहिलेलं नव्हतं. त्यांना आवडलं म्हणून त्यांनी ते घेतलं. आपल्या चौकांत त्यांच्या हातात पुस्तक दिसतं, ते योग्यच आहे. पण त्याच हातांनी गजही धरला होता, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

माझी गिटार फार सुरेख नाही. चौथ्या तारेचा आवाज थोडा बसका येतो, पाठीवर जुन्या दाराच्या खिळ्याची एक खूण राहिली आहे. पण आत हात घालून मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर वर्ष आहे, माझं नाव आहे, आणि त्याखाली माझ्या आज्जाचं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. कोणाला आडनाव विचारायचंच असेल, तर त्यानं गिटारीच्या भोकातून वाकून वाचावं.